चकाकते आच्छादन : थंड मुलखातील द्राक्षमळा आणि आपली वाडी

विरारच्या पूर्वेस, पापडखिंड धरणालगत असलेल्या फुलपाड्याला आज शहराने वेढले आहे. तथापि, वसई तालुक्यातील वाड्यांमधून केळीच्या व भाजीच्या आळ्यांत पेंढा आणि झावळ्या पसरण्याची रीत जुन्या जाणत्यांना ठाऊक आहे. ओल टिकावी व तण दबावे, हा तिचा हेतू.

परावर्तनाचे तत्त्व

थंड मुलखातील द्राक्षबागायतदार आच्छादनाकडून आणखी एक काम करून घेतात. तेथे उन्हाळा अल्प आणि पानांच्या सावलीतील घडांना प्रकाश अपुरा. म्हणून वेलींखाली पांढरे कापड किंवा, न्यूझीलंडमध्ये झालेल्या प्रयोगांप्रमाणे, शिंपल्यांचा चुरा पसरतात. जमिनीवर पडलेला प्रकाश त्यावरून उलटून घडांपर्यंत पोहोचतो व फळ पिकण्यास साहाय्य होते. येथे एक गैरसमज टाळावा. प्रकाश परतविणारे आच्छादन जमीन तापवीत नाही, उलट थंड ठेवते. जर्मनीतील मोझेल खोऱ्यातला काळपट पाटीचा दगड मात्र दिवसा ऊब साठवून रात्री सोडतो.

नाशिकचा अनुभव

आपल्याकडे स्थिती नेमकी उलट आहे. निफाड भागात हिवाळी रात्री कडक थंडीच्या व दिवस लख्ख उन्हाचे असल्यास पांढऱ्या द्राक्षांचे मणी गुलाबी होतात आणि भाव पडतो. म्हणून बागायतदार घडांना कागद गुंडाळतात. जेथे प्रकाश अडवावा लागतो, तेथे तो खालून वाढविणे हितावह नाही. तेथे पाणी वाचविण्यासाठी उसाचे पाचट अधिक उपयुक्त ठरते.

आपल्या उपयोगाचे काय?

मिरची, टोमॅटो, कलिंगड यांसाठी चंदेरी-काळा प्लास्टिक कागद वापरतात. चंदेरी बाजू वर ठेवल्यास तिच्या चकाकीमुळे मावा व फुलकिडे पिकावर कमी उतरतात. खालची काळी बाजू तण रोखते. परंतु हंगामानंतर हा कागद गोळा केला नाही, तर त्याचे तुकडे जमिनीत व ओढ्यात साचतात. पेंढा कुजून खत होतो. म्हणून कागद आणण्यापूर्वीच तो परत गोळा करण्याची व्यवस्था स्थानिक स्वराज्य संस्थेने ठरविणे अगत्याचे आहे.

शिक्षकांनी शाळेच्या बागेत तीन वाफे करावेत : एक उघडा, एक पेंढ्याचा, एक चंदेरी कागदाचा. दुपारी मातीचे तापमान व ओल यांची महिनाभर नोंद ठेवावी. परक्या मुलखातील उपाय जसाच्या तसा न उचलता त्यामागील कारण पारखून घ्यावे, हा धडा विद्यार्थी त्यातून आपणच शिकतील.