जॉर्जियातील काउंट्या आणि ॲटलांटाची उपनगरे

अमेरिकेच्या आग्नेय भागातील जॉर्जिया राज्याचा नकाशा पाहिला, तर त्यावर लहान लहान चौकटींचे एक दाट जाळे दिसते. या चौकटी म्हणजे काउंट्या होत. त्यांची संख्या १५९ असून याबाबतीत टेक्सास वगळता अन्य कोणतेही राज्य जॉर्जियाच्या पुढे नाही. शेतकऱ्याला खेचराच्या गाडीतून काउंटीच्या ठाण्याला जाऊन एका दिवसात घरी परतता यावे, म्हणून त्या इतक्या लहान आखल्या गेल्या, अशी एक आख्यायिका तेथे सांगितली जाते. परंतु त्यामागे राजकारणही होते. १९६३ पर्यंत राज्यातील प्राथमिक निवडणुकांत मते व्यक्तिगणिक न मोजता काउंटीगणिक मोजली जात. सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा, तर अगदी लहान काउंटीलाही दोन मते असत. अशा व्यवस्थेत काउंट्या लहान आणि पुष्कळ असणे ग्रामीण पुढाऱ्यांच्या सोयीचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द केली. काउंट्यांच्या सीमा मात्र जशाच्या तशा राहिल्या.

या सीमा आखल्या गेल्या तेव्हा त्यांच्या आत कापसाची शेते, पाइन वृक्षांची राने आणि मधूनमधून एखादे न्यायालयाचे गाव एवढेच होते. पुढे लाखो माणसे त्याच सीमांत येऊन राहिली. ग्विनेट काउंटीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९६० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ४३,५४१ होती. १९७० मध्ये ती ७२,३४९ झाली, १९९० मध्ये ३,५२,९१० आणि २०२० मध्ये ९,५७,०६२. साठ वर्षांत बावीस पट! तिच्या शेजारच्या फोर्सिथ काउंटीत १९९० मध्ये ४४,०८३ लोक राहत असत. २०२० मध्ये ही संख्या २,५१,२८३ वर पोहोचली. राज्याची एकूण लोकसंख्या याच तीस वर्षांत सुमारे ६५ लाखांवरून १ कोटी ७ लाखांवर गेली. पण ही वाढ सर्वत्र सारखी पसरलेली नव्हती. टॅलिफेरो काउंटीत (हे नाव स्थानिक लोक ‘टॉलिव्हर’ असे उच्चारतात) २०२० मध्ये अवघी १,५५९ माणसे उरली होती. दोन्ही काउंट्यांना कायद्याच्या दृष्टीने मात्र दर्जा एकच. दोन्हीकडे शेरीफ, न्यायालय आणि कर बसवणारे मंडळ असते.

ॲटलांटाभोवतीची ही वाढ आडवी झाली, उभी झाली नाही, हे तिचे मुख्य लक्षण होय. शहराला अडवील असा समुद्र नाही की उंच डोंगर नाही. त्यात १९५६ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या पैशातून देशव्यापी महामार्ग बांधण्यास आरंभ झाला. तीन मोठे महामार्ग ॲटलांटात येऊन मिळाले आणि १९६९ मध्ये शहराभोवतीचा वर्तुळाकार मार्ग पुरा झाला. जेथे महामार्गावरून उतरण्याची वाट, तेथे पाच-सात वर्षांत दुकाने, कचेऱ्या आणि घरांच्या वसाहती, असा क्रमच पडून गेला. घर म्हटले की ते स्वतंत्र हवे, त्याला पुढे-मागे अंगण हवे आणि दोन मोटारी ठेवण्याची जागा हवी, ही अपेक्षा गृहकर्जाच्या सरकारी धोरणाने आणि काउंट्यांच्या बांधकाम-नियमांनी पक्की केली. याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. नगररचनेचे अभ्यासक अलँ बेर्तो यांनी १९९० च्या सुमाराच्या दोन शहरांची तुलना केली. बार्सिलोनात २८ लाख लोक १६२ चौरस किलोमीटर बांधीव क्षेत्रात राहत होते. ॲटलांटात २५ लाख लोकांनी ४,२८० चौरस किलोमीटर व्यापले होते. इतक्या विरळ वस्तीत बस थांब्यापर्यंत चालत जाणेही अनेकांना शक्य होत नाही, मग आगगाडीची गोष्टच नको.

परंतु महामार्ग आणि स्वस्त जमीन एवढ्याने या स्थलांतराचा उलगडा होत नाही. त्यामागे वर्णभेद होता, आणि तो वगळून या उपनगरांचा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ॲटलांटाचे महापौर विल्यम हार्ट्सफील्ड आपल्या शहराचे वर्णन ‘द्वेष करायला सवड नसलेले शहर’ असे करीत. याच शहराने डिसेंबर १९६२ मध्ये पेटन मार्गावर अडथळे उभे केले. कृष्णवर्णीय कुटुंबांनी पलीकडच्या श्वेतवर्णीय वस्तीत घरे घेऊ नयेत, हा त्यांचा उद्देश होता. काही आठवड्यांतच न्यायालयाने ते हटवायला लावले. रस्त्यावरचा अडथळा गेला. तेव्हा श्वेतवर्णीय कुटुंबेच शहराबाहेर निघून गेली. १९७० मध्ये शहराच्या हद्दीत जवळपास पाच लाख लोक होते, ते १९९० मध्ये ३,९४,०१७ उरले. आसपासच्या काउंट्या वाढत असताना मधले शहर आटत होते. फोर्सिथची कथा याहून भीषण आहे. १९१२ मध्ये तेथील सुमारे ११०० कृष्णवर्णीय रहिवाशांना झुंडशाहीने हुसकावून लावण्यात आले आणि त्यानंतर कित्येक दशके ती काउंटी जवळजवळ केवळ श्वेतवर्णीयांची राहिली. १९८७ मध्ये याविरुद्ध तेथे निघालेल्या दुसऱ्या मोर्चात सुमारे वीस हजार लोक सामील झाले होते.

या भीतीचा ठसा वाहतुकीवर उमटला. ‘मार्टा’ या नावाने ओळखली जाणारी सार्वजनिक वाहतूक-व्यवस्था पाच काउंट्यांसाठी कल्पिलेली होती. १९६५ मध्ये कॉब काउंटीच्या मतदारांनी तिला नकार दिला. १९७१ मध्ये फुल्टन आणि डीकॅल्ब यांनी तिच्यासाठी कर मान्य केला, तर ग्विनेट आणि क्लेटन यांनी फेटाळला. १९७९ मध्ये गाड्या धावू लागल्या, पण त्यांचे रूळ उपनगरांच्या उंबरठ्यापाशीच थांबले. शहरातील गरीब आणि कृष्णवर्णीय माणूस या गाडीत बसून आपल्या दारी येईल, ही धास्ती त्या नकारामागे किती होती आणि कराचा कंटाळा किती होता, याचे नेमके माप काढणे कठीण आहे. पण ती धास्ती होती, यात संशय नाही. क्लेटनने अखेर २०१४ मध्ये आपले मत बदलले.

मोटारींवरच सर्व भार पडल्याने हवा बिघडली. १९९८ मध्ये ॲटलांटा परिसराची रस्ते-योजना हवेच्या शुद्धतेच्या निकषांत बसेना, म्हणून नव्या रस्त्यांसाठी मिळणारा केंद्राचा निधी अडवून धरण्यात आला. तेव्हा कोठे राज्याला जाग आली आणि गव्हर्नर रॉय बार्न्स यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये एक प्रादेशिक वाहतूक-प्राधिकरण स्थापन झाले. काउंट्यांना एकत्र बसवण्याचे काम अशा रीतीने धुराने केले!

पाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. ॲटलांटा परिसर मुख्यतः चॅटाहूची या नदीवर तहान भागवतो. पन्नाशीच्या दशकात तिच्यावर ब्यूफर्ड धरण बांधण्यात आले आणि लॅनियर सरोवर तयार झाले. धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र केवळ २,७०० चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. एवढ्या मोठ्या लोकवस्तीला ते तुटपुंजेच म्हणावे लागेल. धरणाच्या खर्चात शहराने वाटा उचलावा की काय, असा प्रश्न निघाला असता हार्ट्सफील्ड यांनी शहराला त्याची गरज नसल्याचे कळवले होते. ही काटकसर पुढे महागात पडली. १९९० पासून अलाबामा, फ्लोरिडा आणि जॉर्जिया यांच्यात पाण्याचा तंटा सुरू झाला. २००९ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशांनी निर्णय दिला की, पाणीपुरवठा हा या धरणाचा मंजूर हेतूच नव्हता. तो निर्णय कायम राहिला असता, तर ग्विनेटसारख्या काउंटीचे नळ कोरडे पडण्याची वेळ आली असती. २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. फ्लोरिडाने अपालाचिकोला उपसागरातील कालव-व्यवसाय बुडाल्याबद्दल दावा लावला होता. त्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एकमुखी निकाल जॉर्जियाच्या बाजूने लागला. खटला जिंकल्याने नदीत पाणी वाढत नाही, हे २००७ च्या अवर्षणात सर्वांनी अनुभवले होते. त्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी राज्य-विधानभवनाच्या पायऱ्यांवर पावसासाठी सामुदायिक प्रार्थना केली. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २००९ मध्ये, इतका पाऊस झाला की त्याच परिसरात महापुराने माणसे दगावली. डांबर आणि काँक्रीट यांनी झाकलेली जमीन पाणी शोषून घेत नाही आणि ओढे ते सामावू शकत नाहीत.

मध्यंतरी उपनगरेच बदलली. १९९० मध्ये ग्विनेटमधील दर दहा रहिवाशांपैकी सुमारे नऊ श्वेतवर्णीय होते. २०२० पर्यंत त्यांचे प्रमाण जेमतेम एक-तृतीयांश राहिले. उरलेल्यांत कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकेतून आलेले, कोरियन, व्हिएतनामी आणि भारतीय असे सर्व आहेत. लिलबर्न येथे २००७ मध्ये स्वामीनारायण संप्रदायाचे संगमरवरी मंदिर उभे राहिले. ज्या फोर्सिथमधून एके काळी वर्णावरून माणसे हाकलली गेली, तेथील शाळांत आता भारतीय मुलांची संख्या लक्षणीय आहे. काही श्रीमंत वस्त्यांनी मात्र काउंटीच्या कारभारापासून वेगळे होण्याचा मार्ग धरला. २००५ मध्ये सँडी स्प्रिंग्ज हे स्वतंत्र शहर झाले, पाठोपाठ जॉन्स क्रीक, मिल्टन, डनवुडी अशी नवी शहरे निघाली. आपला कर आपल्याच रस्त्यांवर खर्च व्हावा, ही त्यांची मागणी समजण्यासारखी आहे. पण मागे उरलेल्या काउंटीची तिजोरी त्यामुळे किती हलकी होते, याचा हिशेब त्या वस्त्या मांडत नाहीत.

ग्विनेटमध्ये महामार्गालगत दोन उंच जलकुंभ होते. त्यांच्यावर काउंटीची थोरवी आणि यश यांची घोषवाक्ये रंगवलेली असत. २०१० मध्ये ते पाडण्यात आले. १९८४ मध्ये थाटाने उघडलेले ग्विनेट प्लेस हे बाजार-संकुल ओस पडत गेले आणि २०२१ मध्ये काउंटीनेच त्याचा मोठा भाग विकत घेतला. वाहतूक-कराचा प्रश्न २०१९, २०२० आणि २०२४ असा तीनदा ग्विनेटच्या मतदारांपुढे आला. तिन्ही वेळा तो नामंजूर झाला. २०२० मध्ये हा फरक फारच थोडा होता.