शब्दांचे नागरिकत्व : समाजमाध्यमे आणि रशियन भाषा

शब्द हेही इतिहासाचे साधन असते. सम्राट पीटरच्या काळात (१६८२–१७२५) रशियाने आरमार उभारले, तेव्हा डच भाषेतून 'मात्रोस' (खलाशी) आणि 'फ्लाग' (ध्वज) हे शब्द रशियनमध्ये आले. ते शब्द सत्तेच्या गरजेतून आले होते. आजचे नवे शब्द मात्र सामान्य तरुणांच्या हातातील मोबाइलमधून येत आहेत.

मराठीत आपण 'लाइक केले' असे म्हणतो. परक्या शब्दाला 'करणे' जोडून काम भागवतो. रशियन भाषा त्या शब्दाचे थेट क्रियापद घडवते. 'लाइकात्' म्हणजे लाइक करीत राहणे, तर 'लाइकनूत्' म्हणजे एकदाच करणे. 'पोस्तित्' म्हणजे मजकूर टाकत असणे. त्याला 'झा' हा उपसर्ग लागून 'झापोस्तित्' झाले, की तो टाकून झाला. क्रिया चालू आहे की पूर्ण झाली, हा भेद रशियन व्याकरणाचा कणा आहे आणि परका शब्दही त्याच कण्यावर उभा राहतो.

जुन्या शब्दांनाही नवे अर्थ लाभले आहेत. 'ल्येन्ता' म्हणजे फीत. आता समाजमाध्यमावर एकामागून एक सरकणाऱ्या मजकुरांची मालिकाही. 'पोद्पिश्चिक' हा पूर्वी वृत्तपत्राचा वर्गणीदार होता. आज तो एखाद्याच्या खात्याचा अनुयायीही आहे.

यातील सर्वांत तीव्र वाद स्त्रीलिंगी रूपांचा आहे. 'स्तुदेन्त'चे 'स्तुदेन्तका' हे रूप जुनेच आहे; परंतु लेखिकेलाही 'आव्तोर' हेच पुल्लिंगी नाम लावण्याचा प्रघात राहिला. स्त्रीवादी महिलांनी समाजमाध्यमांवर 'आव्तोर्का', 'ब्लोगेर्का' ही रूपे आग्रहाने वापरली. अनेकांना ती कानाला खटकतात. आम्हांस वाटते, हा प्रश्न कानाचा नसून ओळखीचा आहे. आपले नाव कोणी ठरवावे, हा तो प्रश्न होय.

२०२३ मध्ये रशियात कायदा दुरुस्त करून, रूढ रशियन पर्याय असताना शासकीय व्यवहारात परकीय शब्द वापरण्यास मनाई करण्यात आली. शासनाचा कागद अशाने बदलेल. लोकांची जीभ बदलेलच असे नाही. पीटरच्या काळातील परके शब्द आज कोणाही रशियनाला परके वाटत नाहीत.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : मुलांच्या तोंडी नवा शब्द आला, तर रागावण्यापूर्वी तो कोठून आला आणि त्याचा अर्थ काय, हे त्यांनाच विचारावे. भाषेचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.