शिबिराची फी आणि शिकवण्याची मिनिटं

एप्रिल लागला की व्हॉट्सॅपवर रंगीत पत्रकं फिरू लागतात. निवासी संगीत शिबिर, सात दिवस, अमुक पंडितजींचं मार्गदर्शन. घरात गाणारं तेरा-चौदा वर्षांचं पोर असेल तर आईबाप लगेच फोन लावतात. लावा, पण आधी फी विचारू नका. ‘एका गटात मुलं किती?’ हे विचारा.

हिशेब असा. समजा, निवासी शिबिराची फी १२,००० रुपये. सात दिवस, रोज सहा तास, गटात ४० मुलं. एकूण २,५२० मिनिटं, म्हणजे मुलामागे जेमतेम तासभर. दुसरं गावातलंच, दहा दिवस, रोज तीन तास, १२ मुलं, फी ५,०००. तिथे मुलामागे अडीच तास पडतात. दुसऱ्याला सांगितलेलं ऐकूनही मूल बरंच उचलतं, आणि चाळीस जणांनी पहाटे खर्ज लावण्यात वेगळीच मजा असते, हे कबूल. पण सुराची जागा चुकली की तिथल्या तिथे टोकणारा कान हवा. पैसे त्याचे मोजायचे. पंडितजी रोज शिकवणार की फक्त समारोपाला येणार, तेही स्पष्ट विचारून घ्या.

मुलगा असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ती पत्रकात कधी नसते. या वयात आवाज फुटतो. कालपर्यंत तारसप्तकात सहज फिरणारा गळा एकाएकी मध्य सप्तकातच चिरकू लागतो. माझ्या भाच्याचं हेच झालं. शिबिरात मुलगे-मुली एकाच गटात, तानपुरा काळी चारला. तीन दिवस त्यानं ओढून गायलं, चौथ्या दिवशी घसा बसला. आम्ही त्याला घेऊन आलो. फी परत मिळाली नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. ते आम्ही नंतर वाचलं. तेव्हा ‘आवाज फुटलेल्या मुलांना वेगळी पट्टी देता का?’ हे विचाराच. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर ते शिबिर सोडून द्या.

फीबाहेरचा खर्चही धरा. बारा वर्षं पूर्ण झाली की रेल्वेत पूर्ण तिकीट, शिवाय सोडायला-आणायला जाणाऱ्याच्या दोन फेऱ्या, समारोपाचा कुर्ता. साथीचा तबला-पेटी फीत धरलीय का? मुलींच्या निवासात रात्री जबाबदार बाई असते का? शिबिराच्या निमित्तानं मिरजेहून नवा तानपुरा आणायचा मोह होतो, तो आवरा. आवाज फुटायचा असलेल्या मुलासाठी मर्दानी घ्यायचा की जनानी, हेच अजून ठरलेलं नसतं. तूर्त मोबाइलवरचा तानपुरा चालतो.

पैसे कमी पडत असतील तर आयोजकांना सरळ सांगा. सवलत पत्रकात नसली तरी गुणी मुलासाठी फी कमी करणारे किंवा दोन हप्त्यांत घेणारे भेटतात. मात्र जागा भरायच्या आधी विचारावं लागतं. केंद्र सरकारच्या सीसीआरटीची शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, पण ती वर्षभराच्या नियमित तालमीसाठी असते. मे महिन्यातल्या आठवड्याला तिचा उपयोग नाही. आणि ‘प्रमाणपत्र मिळेल’ या ओळीला भुलू नका. दहावीचे वाढीव गुण मिळतात ते अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षांवर.

एवढं करून मनासारखं काही सापडलं नाही, तर नेहमीच्या गुरूंनाच विचारा, सुट्टीत रोज तासभर शिकवाल का म्हणून. भाचा यंदा मे महिन्यात त्याच्या बाईंकडे रोज सकाळी सातला जातोय. पट्टी काळी एक, जादा फी दीड हजार रुपये.