रोगी दवाखान्यात, घर वाऱ्यावर

आमच्या वऱ्हाडात कुणी मोठ्या दुखण्यानं पडलं की माणसं गाडी करून भेटायला येतात. माझ्या धाकट्या भावाला लकवा मारला तेव्हा अकोल्यात दवाखान्याच्या पायऱ्यांवर गावचे आणि सोयरे इतके जमले की पहारेकऱ्यानं हात जोडले. त्याच वेळी मूर्तिजापूर तालुक्यातल्या घरी त्याची दोन मुलं शेजारणीकडे जेवत होती आणि वखरून ठेवलेलं वावर पेरणीवाचून पडलं होतं. मदतीला तोटा नव्हता, पण ती सगळी दवाखान्यात येऊन थांबली होती. अशा प्रसंगी काय करावं, हे मी तेव्हा जवळून पाहिलं.

आधी दुखण्याविषयी. भाऊ ऐन पस्तिशीतला. सकाळी गोठ्यात त्याचा उजवा हात चालेना, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली. एवढ्या तरुण माणसाला लकवा कुठून होणार, म्हणून जवळच्या एका दवाखान्यात सलाइन लावून ठेवलं गेलं. तिथं सीटी स्कॅन नव्हतं. एक वडीलधारे तर झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे न्यायला निघाले होते. अकोल्याला पोहोचेस्तोवर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं, आणि तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनमध्ये दिसल्यावरच. म्हणून चेहरा वाकडा, हात लुळा किंवा बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असेल अशाच दवाखान्यात न्यायला सांगा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतात. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळणं बिघडलेलं असू शकतं.

दवाखान्यात एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल, असं ठरवा. तो वहीत लिहील आणि बाकीच्यांना सांगेल. दुसरा माणूस फक्त कागदांसाठी लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं पहिल्यांदा ८ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात अमरावती होता. आता रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. मात्र दवाखाना योजनेत हवा आणि उपचार यादीत हवा. योजना कॅशलेस आहे, तेव्हा बिल भरून बसण्याआधी, पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. आणीबाणीत रोग्याला आधी भरती करून कागद मागाहून देता येतात.

तरुण कुटुंबाची खरी अडचण कार्डावर निघते. नवरा वडिलांच्या जुन्या कार्डावर, बायको माहेरच्या, मुलांची नावं कुठंच नाहीत. आमच्याकडे हेच निघालं. माझा भाचा तहसीलच्या चकरा मारत राहिला म्हणून भावजयीला नवऱ्याजवळून उठावं लागलं नाही. योजनेत बसत नसेल तर दवाखाना धर्मादाय आहे का ते विचारा. अशा दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

आता वावराचं. मृगाचा पाऊस पडला आणि गावात पेरण्यांची धांदल उडाली. पेरणी हुकली तर वर्ष हुकतं, आणि आजारपणाचं देणं मग फिटत नाही. आमच्या शेजाऱ्यानं कुणालाही न विचारता भावाच्या घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. ७० च्या वर उगवले, तेव्हा बियाणं चांगलं हे कळलं. ८०-१०० मिलिमीटर पाऊस होईस्तोवर तो थांबला आणि मग स्वतःच्या ट्रॅक्टरनं पेरून मोकळा झाला. दुसऱ्यानं पीक विम्याचा अर्ज मुदतीत भरला. या दोघांपैकी कुणीही दवाखान्याची पायरी चढलं नाही. भावाच्या संसाराला मात्र त्यांच्याइतका हातभार कुणीच लावला नाही.

मुलांपुढं मोठी माणसं फार बेफिकीर बोलतात. "बापाचं काही खरं नाही" हे वाक्य ओसरीवरून थेट मुलांच्या कानात जातं. पुतणीनं मला विचारलं, "मोठे बाबा, बाबा मले ओळखतीन का?" तिला खरं सांगितलं: तोंड वाकडं दिसेल, बोलणं नीट कळणार नाही, पण ऐकू सगळं येतं. मग तिला भेटायला नेलं. ती घाबरली नाही. मुलांची शाळा बुडवू नका, आणि रात्री कुणाच्या घरी झोपायचं ते रोज बदलू नका.

भावजयीला मी विचारी, "काही लागते का?" ती पदर सावरून म्हणे, "नाही भाऊजी, सगळं आहे." भासऱ्याला ती दुसरं काय सांगणार? माझी बायको अमरावतीहून गेली तेव्हा कळलं, तिच्याजवळ बदलायला लुगडंही नव्हतं आणि चहाचे पैसे ती बाजूच्या खाटेवरच्या बाईकडून घेत होती. बाईची अडचण बाईलाच कळते, तेव्हा तिच्या बरोबरीची कुणी तरी पाठवा. एक रात्र तिला घरी झोपू द्या. पैसे देताना उसने की मदत, ते तिथंच स्पष्ट बोला आणि वहीत मांडा. नंतरची भांडणं वाचतात.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभारली. रोग्याला डॉक्टर असतो, पण त्याच्या माणसांनी पाठ कुठं टेकायची, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि ही मदत लांब पुरवा. लकव्यातून उठायला महिने लागतात, व्यायाम रोजचा असतो. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आसपास येते. तोवर भेटायला येणारे पांगलेले असतात आणि हातातला पैसा संपलेला असतो. तुम्हाला खरंच भेटायला जायचं असेल तर तेव्हा जा, आणि जाताना विळा घेऊन जा.