फराळाच्या ऑर्डर वाढल्या, गॅस भट्टी घ्यायची ठरली... पण लावणार कुठे?



दिवाळी जवळ आली की घरून फराळ विकणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो. "सर, पाच किलोची ऑर्डर पन्नास किलोवर गेली. घरची शेगडी पुरत नाही. हाय प्रेशर भट्टी आणली तर स्वयंपाकघरात चालेल ना?"

उत्तर सरळ आहे. हवा आरपार खेळत नाही अशा खोलीत चालणार नाही. का, ते आज समजून घेऊ. कारण कळलं नाही, तर गर्दीच्या दिवसांत नियम पहिला मोडला जातो.

भट्टी म्हणजे "मोठी शेगडी" नव्हे

घरच्या शेगडीचा मोठा बर्नर तासाला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस घेतो. भट्टीचा हिशोब तुम्हीच काढा. १९ किलोचं सिलिंडर २० तास चाललं, तर तासाला जवळपास १ किलो गॅस जळतोय.

आता हवेचं गणित बघा. १ किलो गॅस नीट जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. १० बाय १० ची, ९ फूट उंचीची खोली घेतली तर आत सुमारे २५ घनमीटर हवा असते. म्हणजे दार-खिडक्या लावून चिवडा तळला, तर दोन तासांत खोलीभर हवेची गरज एकट्या भट्टीला लागते. आणि धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं. आपण म्हणतो, "तळणाच्या वासाने झालं असेल," आणि पुढचा घाणा सोडतो. इथेच माणसं दगावतात.

ज्योत पिवळी दिसली किंवा कढईच्या बुडाला काजळी धरायला लागली, तर भट्टी बंद करा. डोकं दुखायला लागलं तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या. बरं वाटत नसेल तर लगेच डॉक्टरकडे जा.

जळलेला वायू वर, गळलेला गॅस खाली

जळून निघालेले गरम वायू वर जातात. न जळता गळलेला एलपीजी मात्र हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरून कोपऱ्यात साचतो. म्हणून नुसता वर एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही. फॅन हवा बाहेर फेकतो, पण ताजी हवा आत यायला वाट हवी. खालच्या बाजूला कायम उघडी जाळी किंवा दार हवंच. तळघरात भट्टी नकोच.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे अंगण, परसदार किंवा दोन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड.

मांडणी करताना एवढं पाळा

१. घरच्या शेगडीची नळी आणि रेग्युलेटर भट्टीला लावू नका. हाय प्रेशरचे वेगळे येतात, आयएसआय मार्क बघून घ्या.

२. सिलिंडर कायम उभं ठेवा. आडवं केलं की गॅसऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो, आणि १ लिटर द्रवाचा साधारण २५० लिटर गॅस होतो.

३. भट्टी जोरात चालली की सिलिंडरला बाहेरून घाम येतो, कधी बर्फही धरतो. त्यावर गरम पाणी ओतू नका, खाली जाळ करू नका. आच कमी करा.

४. सिलिंडर बदललं की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीही तपासू नका.

५. गॅसचा वास आला तर ज्योत विझवा, व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

६. कढईवर बसेल असं धातूचं झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाणी चुकूनही टाकू नका.

आता धंद्याचं गणित

१४.२ किलोचं लाल सिलिंडर घरगुती वापरासाठी असतं, धंद्यासाठी वापरणं बेकायदेशीर आहे. १९ किलोचं निळं कमर्शियल सिलिंडर रीतसर नावावर घ्या. गॅस अपघाताचं विमा संरक्षण नोंदवलेल्या पत्त्याशी जोडलेलं असतं. दुसऱ्याच्या नावाचं सिलिंडर आणून काम केलं आणि काही घडलं, तर भरपाई अडकू शकते. शिवाय शेजाऱ्यांचं नुकसान झालं तर कुठल्या तोंडाने उत्तर देणार?

"सर, जागा परवडत नाही." ठीक आहे, हिशोब करू. समजा मोकळा गाळा दिवसाला ६०० रुपयांना मिळाला आणि दिवसात ३० किलो माल निघाला. किलोमागे २० रुपये वाढले. हे २० रुपये तुमच्या भावात धरलेत का? बहुतेक जण तेल, पोहे, शेंगदाणे धरतात, जागा धरतच नाहीत. मग भाव स्वस्त दिसतो, पण तो घरच्यांचा जीव धोक्यात घालून स्वस्त झालेला असतो.

२० रुपये वाढवून गिऱ्हाईक टिकत नसेल, तर शेगडीवर जेवढं होतं तेवढीच ऑर्डर घ्या. नाही म्हणणं हासुद्धा धंद्याचा भाग आहे.

आजचा गृहपाठ

- जिथे भट्टी लावायची आहे ती जागा मोजा. हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते, ते कागदावर काढा.
- सध्याचं सिलिंडर किती तास चालतं, ते लिहून ठेवा.
- जागेचा खर्च धरून एका किलोचा भाव पुन्हा काढा.

हे तीन आकडे हातात आले की मगच भट्टीच्या दुकानाची पायरी चढा.