कार्ड फॉरमॅट करण्याआधी

पोरी, सोमवारपासून तू अंधेरीत वीरा देसाई रोडला एडिटिंग शिकायला बसणार. प्रीमियर, रिझॉल्व्ह तू चटकन उचलशील, त्याची मला काळजी नाही. मी टेपवर शिकले, मग अ‍ॅव्हिडवर. यंत्रं बदलतच राहणार. शूट केलेलं मात्र पुन्हा मिळत नाही, म्हणून आधी ते जपायला शीक.

कार्ड हातात आलं की त्यातला नुसता व्हिडिओ ओढून घेऊ नकोस, अख्खं फोल्डर जसंच्या तसं उतरव. कॉपीच कर, कट-पेस्ट कधीच नाही. दोन वेगळ्या ड्राइव्हवर, चेकसम जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरनं. मग दोन्हीकडच्या चार क्लिपा शेवटपर्यंत चालवून बघ आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यातच. कॅमेरामन घाई करेल. "थांबा दादा" म्हणायला लाजायचं नाही. जागेचा हिशेब आधी मांड: सेकंदाला 100 मेगाबिटनं शूट केलं तर तासाला 45 जीबी लागतात, दोन प्रतींना 90. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेव. मुंबईतला 26 जुलै 2005 चा पूर पाहिल्यापासून तळमजल्यावर एकुलती एक प्रत ठेवायला माझं मन धजत नाही.

मोबाइलवरचं शूट आलं तर फ्रेमरेट तपास. फोनचा फ्रेमरेट हलता असतो, लांब मुलाखतीत ओठ नि आवाज एकमेकांना सोडतात. टाइमलाइनवर घेण्याआधी तो स्थिर करून घे. स्वतः शूट करशील तेव्हा 25 फ्रेम, शटर 1/50. आपली वीज 50 हर्ट्‌झची; ट्यूबलाइटखाली 1/60 ठेवलंस तर चित्र लुकलुकतं.

आवाजाला मी चित्राच्या वर मानते. अंधेरीत विमानतळ जवळ, त्यात अंधेरी-कुर्ला रोडवर 2014 पासून मेट्रो. रेकॉर्डिंगला हेडफोन घालूनच बस. विमान गेलं की पाहुण्यांना तेवढं वाक्य परत बोलायची विनंती कर. उठण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घे, कापलेल्या जागा त्यानंच भरतात.

मराठी मजकुरात जोडाक्षरं सुटली तर फॉन्ट बदलत बसू नकोस. प्रीमियरच्या ग्राफिक्स प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' कर. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर ओळ न् ओळ वाच. आणि नावाची पट्टी अंदाजानं कधी टाकू नकोस. ज्याचं नाव, त्याच्याकडूनच शूटच्या जागी देवनागरीत लिहून घे, आणि त्या कागदाचा फोटो फूटेजच्याच फोल्डरात ठेव.