दंतवेष्टाची चिकित्सा आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे निदर्शक

सुश्रुताचार्यांनी दंतमूलगत रोग पंधरा सांगितले आहेत. त्यांपैकी शीतादात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, दुर्गंधी येते व दंतमांस मऊ होऊन झडते. दंतवेष्टात पू व रक्त येऊन दात हलू लागतात. ही लक्षणे आजच्या जिंजिव्हायटिस व पेरिओडाँटायटिसशी पुष्कळ जुळतात.

या विकारासंदर्भात 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'चा उल्लेख आता वारंवार होतो. दंतमुळाशी साचलेल्या जंतूंवर न्यूट्रोफिल पेशी ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू सोडतात. हा मारा लांबला की स्वतःच्याच धातूंना इजा पोहोचते. पेशीच्या आवरणातील मेद बिघडून मॅलोनडायअल्डिहाइड तयार होते. डीएनएला इजा झाल्यास ८-हायड्रॉक्सीडीऑक्सिग्वानोसिन वाढते. रुग्णांच्या लाळेत ही द्रव्ये अधिक आढळतात, तर हिरडीच्या फटीतील स्रावात ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्ये घटलेली दिसतात.

एवढे वाचल्यावर आमलकी सुरू करावी असे कोणाही वैद्याच्या मनात येईल. आमच्याही आले होते. एका मधुमेही रुग्णास आम्ही त्रिफळा-खदिर क्वाथाचे गंडूष व आमलकी चूर्ण चार महिने दिले. रक्त थांबले, दुर्गंधी गेली. रुग्ण समाधानी होता आणि आम्हीही. पुढे खालचे दोन दात हलू लागले, तेव्हा दंतवैद्याकडे पाठविले. हिरडीखाली सहा मिलिमीटर खोल कप्पे आणि कठीण शर्करा निघाली. वरचा शोथ शमला होता, हेतू मात्र जागेवरच होता. निदानपरिवर्जन आम्ही केलेच नव्हते!

वस्तुतः दंतशर्करा दंतमूलास इजा न करता काढावी व त्यानंतर मधासह लाक्षाचूर्णाचे प्रतिसारण करावे, असा क्रम सुश्रुतांनीच दिला आहे. आधी निर्हरण, मग औषध. स्केलिंगला परकीय उपचार समजण्याचे काहीच कारण नाही. अशा शोधनानंतर लाळेतील मॅलोनडायअल्डिहाइड उतरल्याचे अनेक अभ्यासांत दिसते; रक्तातील निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. मधुमेहींमध्ये हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ टक्क्याने घटतो, ही बाब चिकित्सकास अधिक उपयोगाची.

निदर्शकांचा उपयोग संशोधनात आहे. त्यांवरून दंतवेष्टाचे निदान करू नये. धूम्रपान व मधुमेह यांनीही मॅलोनडायअल्डिहाइड वाढते. शिवाय त्यासाठी प्रचलित असलेली थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी इतर द्रव्यांनाही प्रतिसाद देते. कप्प्याची खोली, रक्तस्राव आणि दाताचे हलणे पाहणेच आवश्यक आहे. धूम्रपान करणाऱ्यांत रक्तस्राव कमी दिसतो, म्हणून रक्त नाही तर रोग नाही असे मानू नये. मिशरीची चौकशी स्त्री-रुग्णांकडे आवर्जून करावी. आपणहून त्या क्वचितच सांगतात.

औषधी दुकानदारांसही एक विनंती. आवळ्याच्या अर्काने परीक्षानळीत दाखविलेला गुण दंतमंजनाच्या डबीवर छापला म्हणून तो हिरडीखाली पोहोचत नाही. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे. सुटे काळे मंजन विक्रीस ठेवण्यापूर्वी त्यातील घटक विचारून घ्यावेत. महिनोन्महिने तेच मंजन नेणाऱ्या ग्राहकास दात हलतात काय, एवढे विचारावे.

शोधनानंतर लोध्र, पत्तंग, यष्टी व लाक्षा यांचे मधासह प्रतिसारण आम्ही आता करतो. मधुमेहींत मध अल्प घेतो, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास रक्तमोक्षण टाळतो.